हँडब्रेक सहा महिने वापरलं, बाबांच्या सिनेमांच्या कपाटासाठी

आधीच सांगून टाकते, हँडब्रेक म्हणजे व्हिडिओ फाइली लहान करणारं, आपल्या टीव्हीला चालतील अशा करून देणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे, ओपन सोर्स आहे, मला कोणी पैसे बिसे दिलेले नाहीत, आणि माझ्याकडून त्याला ५ पैकी साडेचार. अर्धा कुठे गेला ते पुढे येईल. इतकं लांबलचक लिहितेय कारण सहा महिन्यांपूर्वी मी मराठीत असंच काहीतरी शोधत होते आणि जे सापडलं ते सगळं 'हे बटण दाबा, झालं' छाप होतं, आणि ते बटण दाबून माझं काहीच झालं नव्हतं.

आम्ही ठाण्यात वर्तकनगरला राहतो. बाबांना सिनेमाचं वेड, नोकरीत असताना पगार झाला की राम मारुती रोडला एक चक्कर ठरलेली आणि घरी येताना हातात एकदोन डिस्क. आधी व्हीसीडी, मग डीव्हीडी, शेवटी शेवटी ब्लू-रे, अशा मिळून १६३ आहेत, वहीत नंबर घालून लिहिलेल्या. गेल्या वर्षी ब्लू-रे प्लेयरची लेन्स गेली, रिपेअरवाला म्हणाला पार्ट मिळत नाही ताई, नवीन घ्या. तेव्हा दादाने पुण्याला जायच्या आधी दोन शनिवार-रविवार बसून सगळ्या ३८ ब्लू-रे एमकेव्ही (एक प्रकारची व्हिडिओ फाइल) करून ४ टीबीच्या हार्डडिस्कवर उतरवल्या आणि म्हणाला आता लाव टीव्हीला, संपलं.

कुठलं संपतंय. हॉलमधल्या टीव्हीच्या मागे स्ट्रीमिंगची काडी (टीव्हीवर सिनेमे दाखवणारं पेनड्राइव्हएवढं यंत्र) लावलेली आहे, हार्डडिस्क राउटरला यूएसबीने जोडली, पहिला सिनेमा लावला तर चित्र एकदम झकास आणि आवाजच नाही. बाबा म्हणाले, "अगं, मूकपट लावलास का?" दुसरा लावला, तोही तसाच. तिसऱ्याला आवाज आला पण दर दोन मिनिटांनी गोल गोल फिरत बसायचा. बाबा काही बोलले नाहीत, उठून गॅलरीत जाऊन बसले, आणि ते मला फार लागलं, कारण वीस वर्षं जमवलेलं ते कपाट होतं.

मग मी जे करायला नको होतं ते केलं. स्टेशनजवळ एक जण कन्व्हर्ट करून देतो असं कळलं, सिनेमामागे दीडशे रुपये, दहा फाइली दिल्या. चार दिवसांनी परत आल्या त्या प्रत्येकी ७०० एमबीच्या. आता हिशोब करा, अडीच तास म्हणजे ९००० सेकंद, त्यात ७०० एमबी म्हणजे सेकंदाला जेमतेम सव्वासहाशे किलोबिट, आणि मूळ ब्लू-रेवर हाच आकडा सेकंदाला ३० मेगाबिटच्या आसपास असतो, कमाल ४० पर्यंत जातो. पावसाच्या सीनमध्ये नुसते चौकोन. शिवाय काळ्या पट्ट्या कापून उरलेलं चित्र पुन्हा पूर्ण स्क्रीनभर उभं ताणलेलं, सगळी माणसं उंच आणि बारीक. दीड हजार गेले. मूळ फाइली होत्या म्हणून वाचलो, ज्यांच्या नसतील त्यांनी कुणाला देण्याआधी कॉपी ठेवाच.

तर हँडब्रेक. एरिक पेटिट नावाच्या माणसाने २००३ मध्ये बीओएस नावाच्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी लिहायला घेतलेलं, आणि १.० व्हर्जन आलं ते थेट २४ डिसेंबर २०१६ ला, तेरा वर्षं लोक काम करत राहिले, आजही करतात. आयकॉन अननस आणि ग्लासचा आहे, तोच बघून घ्या. आणि हँडब्रेक डॉट एफआर या त्यांच्या साइटवरूनच घ्या, सारख्या नावाच्या दुसऱ्या साइटवरून नको. मे २०१७ मध्ये तर त्यांचाच एक डाउनलोड सर्व्हर कोणीतरी फोडून मॅकच्या व्हर्जनमध्ये प्रोटॉन नावाचा मालवेअर घुसवला होता, चारेक दिवस तो तसाच मिळत होता, त्यांनी स्वतःच ते जाहीर केलं आणि चेकसम (फाइल मूळचीच आहे का ते ओळखायचा आकडा) तपासायला सांगितलं. मी तेव्हापासूनच्या सवयीने नाही, पण ते वाचल्यापासून चेकसम बघते, दोन मिनिटं लागतात.

अजून एक, कॉपी होऊ नये म्हणून डिस्कवर घातलेलं कुलूप हँडब्रेक तोडत नाही, ते त्याचं कामच नाही. फाइल तयार असली की पुढचं सगळं त्याचं.

पहिले पंधरा दिवस मी सगळ्याच फाइली त्यात टाकत सुटले होते. सुरुवातीलाच 'फास्ट १०८०पी३०' हा प्रीसेट (तयार सेटिंग) निवडलेला असतो, डिव्हाइसेस म्हणून वेगळा गट आहे त्यात बऱ्याच काड्यांची आणि खोक्यांची नावं घालून प्रीसेट दिलेत, आपलं असलं तर निवडायचं आणि स्टार्ट. निकाल वाईट येत नाही, खरंच. पण लॅपटॉप रात्र रात्र घणघणतोय, एप्रिल-मेचं ठाणं, टेबलफॅन त्याच्यावर लावून आम्ही झोपतोय, आणि सकाळी बघावं तर सिनेमा एकच झालेला. माझी जुनी चार कोअरची आय५ आहे, स्पीड मीडियम ठेवला तर सेकंदाला तीसेक फ्रेम होतात (सिनेमाच्या एका सेकंदात २४ असतात) म्हणजे अडीच तासांच्या सिनेमाला दोन तास, स्लोला अठरा फ्रेम म्हणजे तीन तास वीस मिनिटं, आणि एच.२६५ (चित्र दाबून लहान करायची नवी पद्धत) करायला घेतलं तर नऊ फ्रेम, पावणेसात तास. ३८ सिनेमे. शिवाय नंतर १२० डीव्हीडी.

तेव्हा मग ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याने (ऐरोलीला आम्ही शेजारी बसतो) एक साधा प्रश्न विचारला, तुझी काडी नेमकी कशाला अडते? चित्राला, आवाजाला का सबटायटलला? मला सांगता येईना. हा प्रश्न मी पहिल्या दिवशी विचारायला हवा होता आणि तुम्ही पण विचारा, बाकी सगळं त्याच्या नंतर.

बघायचं कसं तर मी जुन्या लॅपटॉपवर जेलीफिन टाकलं, घरातल्या फाइली टीव्हीला पुरवणारं सॉफ्टवेअर, तेही फुकट आहे, आणि त्याच्या डॅशबोर्डवर सिनेमा चालू असताना दिसतं की फाइल जशीच्या तशी जातेय का बदलून, आणि बदलून तर कारण काय. दोन संध्याकाळी मी आणि बाबा ओळीने सिनेमे लावत बसलो, ते नंबर सांगणार, मी वहीत लिहिणार. निघालं असं की चित्राला आमची काडी एकदाही अडली नाही. ब्लू-रेवर बहुतेक एच.२६४ असतं, एच.२६५ च्या आधीची पद्धत, आणि तेवढं ती आरामात चालवते. अडत होता आवाज, कारण डिस्कवर डीटीएस (आवाज साठवायची एक पद्धत) किंवा त्याचा मोठा भाऊ डीटीएस-एचडी, आणि डीटीएसचा डीकोडर टाकायचा तर बनवणाऱ्याला लायसन्स घ्यावं लागतं, आमच्या काडीत तो नाहीच. म्हणून मूकपट.

आणि ज्याला आवाज नीट होता त्यात सबटायटल चालू केलं रे केलं की सगळं अडकायचं. ब्लू-रेची सबटायटल्स अक्षरं नसतात, चित्रं असतात, पीजीएस म्हणतात त्याला, आमची काडी ती दाखवू शकत नाही म्हणून लॅपटॉप बिचारा प्रत्येक फ्रेमवर ती चिकटवून अख्खा व्हिडिओ नव्याने बनवत बसतो आणि धापा टाकतो. तिसरं म्हणजे वायफाय. आमच्या बिल्डिंगमध्ये २४ घरं, २४ राउटर, आणि २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. त्यात सेकंदाला ३०-३५ मेगाबिट अडीच तास सलग कुठून येणार.

म्हणजे आवाज डीटीएसचा असेल तर आवाज बदला, चित्राला हातही लावू नका. इथे हँडब्रेकचा तो अर्धा मार्क जातो. हँडब्रेकमध्ये आवाज जसाच्या तसा पुढे ढकलता येतो, चित्र मात्र नाही, ते काहीही झालं तरी नव्याने एन्कोड होणारच, म्हणजे पुन्हा दाबून तयार होणार. चांगलं चित्र विनाकारण दुसऱ्यांदा दाबायचं आणि वर दोन-तीन तास. अशा फाइलींसाठी मी एफएफएमपेग वापरते, त्याला खिडकी बिडकी नाही, काळ्या स्क्रीनवर एक ओळ टाइप करायची, त्यात व्हिडिओला 'कॉपी' म्हणायचं आणि ऑडिओ तेवढा एसी३ (आमच्या काडीला चालणारी आवाजाची पद्धत) करायचा ६४० किलोबिटला, एसी३ची कमाल तेवढीच आहे. ३४ जीबीचा सिनेमा दहा-बारा मिनिटांत तयार, चित्र मुळातलंच, एक बिट इकडचा तिकडे नाही. पहिल्यांदा जमलं तेव्हा मी बाबांना हाक मारून दाखवलं. ओळ टाइप करायची भीती वाटते हे मला कळतं, पण एकदा लिहून ठेवली की पुढे फक्त फाइलचं नाव बदलायचं.

वायफायचं म्हणाल तर हॉलच्या काडीला लॅनचा अडॅप्टर घेतला, १०० मेगाबिटचाच आहे पण ४० ला तो रग्गड झाला, राउटरपासून वायर पट्टीतून आणली, हॉलचा प्रश्न मिटला.

मग हँडब्रेक कशाला लागतं? आजीच्या खोलीसाठी. तिथे ३२ इंची टीव्ही, वायर नेता येत नाही, मध्ये दोन भिंती आणि देव्हाऱ्याचं कपाट, आणि आजीचे सिनेमे ठरलेले पंधरा, तेच तेच बघते. तिथे फाइल लहान हवीच, आणि लहान करूनही चांगली हवी, आणि या कामात हँडब्रेकला मी पाचपैकी पाच देईन.

आरएफ नावाचा आकडा आहे, ० ते ५१, उलटा चालतो, कमी तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. १०८०पीला २० ते २४ मध्ये राहा असं ते स्वतः सांगतात, ७२०पीला १९ ते २३, डीव्हीडीला १८ ते २२. मी २० धरला, स्पीड स्लो, ३४ जीबीचे साधारण ९ जीबी झाले, म्हणजे सेकंदाला ८ मेगाबिट, आजीच्या खोलीत एकदाही फिरत बसलं नाही. ठरावीक फाइल साइज धरून मागे लागू नका, स्टेशनजवळच्या त्या माणसाने तेच केलं होतं, ७०० एमबी. आरएफमध्ये शांत सिनेमाला कमी जागा जाते, मारामारी-पावसाला जास्त, ज्याला जेवढी लागते तेवढी.

आणि अख्खा सिनेमा करून मग बघू नका. रेंज म्हणून आहे तिथे सेकंद निवडून दोन मिनिटांचे तुकडे करा, एक रात्रीचा काळोखा सीन, एक गर्दीचा नाहीतर पावसाचा. काळोखात भिंतीवर पायऱ्या पायऱ्या दिसल्या तर आरएफ एक-दोनने खाली. तुकडा टीव्हीवर बघा हां, लॅपटॉपवर सगळंच छान दिसतं. क्रॉपिंग ऑटोवर ठेवलं की काळ्या पट्ट्या जातात पण चित्र ताणलं जात नाही, १९२० बाय ८०० च्या आसपास फाइल होते आणि टीव्ही पट्ट्या आपल्या आपण दाखवतो. फ्रेमरेट मुळातलाच ठेवा आणि कॉन्स्टंट करा, व्हेरिएबलला काही काड्यांवर ओठ आणि आवाज हळूहळू लांब जातात. वेब ऑप्टिमाइज्डला टिक करा, त्याने फाइलची अनुक्रमणिका शेवटाऐवजी सुरुवातीला येते आणि सिनेमा पटकन लागतो.

जुन्या कृष्णधवल सिनेमांचं सावध राहा. बाबांकडे तसल्या सहा ब्लू-रे आहेत, त्यात फिल्मचे ते बारीक दाणे असतात, ग्रेन. एन्कोडर जागा वाचवतो ती मागच्या फ्रेमवरून पुढची ओळखून, आणि दाणे प्रत्येक फ्रेमला नवीन जागी, ओळखणार काय. मी आरएफ १८ ला एक केला तर २६ जीबीचे २४ झाले, रात्र गेली आणि दोन जीबी वाचले. मग डीनॉइज लावून दाणे काढले, फाइल एकदम सात जीबीवर आली, मी खूश. बाबांनी पाच मिनिटं बघितला आणि म्हणाले, "माणसं मेणाची झालीत गं." खरंच झाली होती, कपाळावरच्या आठ्या गेल्या होत्या, खादीच्या कापडाचा पोत गेला होता. त्या सहाला आता मी हात लावत नाही, फक्त आवाज बदलून ठेवल्यात. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, दाणे म्हणजे घाण नव्हे, ते चित्रच आहे. (अशा मोठ्या फाइली पेनड्राइव्हवर नेणार असाल तर तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्या, फॅट३२वर ४ जीबीच्या वरची फाइल मावतच नाही, मग कॉपी होत नाही म्हणून पेनड्राइव्हला नावं ठेवत बसाल.)

आवाजावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, आजीसाठी. तिला कमी ऐकू येतं आणि ५.१ म्हणजे सहा चॅनलच्या आवाजाच्या सिनेमात बोलणं असतं मधल्या चॅनलला, टीव्हीला स्पीकर दोन, तिथे बोलणं दबतं आणि मारामारी आली की सगळी बिल्डिंग ऐकते. आजी रिमोट हातात धरूनच बसायची, वर-खाली, वर-खाली. हँडब्रेकच्या ऑडिओत डीआरसी आहे, मोठे आवाज दाबून लहान उचलतो, १ पासून ४ पर्यंत, मूळ आवाज एसी३ असेल तरच चालतो. आजीच्या ज्या फाइलींचा आवाज डिस्कवरच एसी३ होता त्यांना हँडब्रेकमध्ये डीआरसी २ आणि मिक्सडाउन स्टिरिओ (सहा चॅनलचे दोन). दीड-अडीचच्या मध्ये ठेवा, त्याच्या वर गेलं की पाठीमागचं संगीत फुगतं आणि संपतं असं व्हायला लागतं. आता तिचा रिमोट टीपॉयवर असतो.

सबटायटलचं दोन प्रकारे सुटलं. बाबांना इंग्रजी सबटायटल लागतात, तिथे चित्रातली अक्षरं ओळखून साधी एसआरटी (वाक्यं आणि त्यांच्या वेळा लिहिलेली) फाइल करून देणारं सबटायटल एडिट नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, हँडब्रेक ते काम करत नाही. चार ठिकाणी एलचा आय होतो, तेवढं हाताने नीट करायचं. मध्येच दोन वाक्यं दुसऱ्या भाषेत असतात तेवढ्यासाठी हँडब्रेकचा फॉरेन ऑडिओ स्कॅन, तो तेवढीच वाक्यं शोधून चित्रावर छापतो, चुकतो क्वचित.

आजीसाठी मात्र मराठी हवी होती आणि जुन्या मराठी सिनेमाला मराठी सबटायटल कोण देतो, सगळे धरून चालतात की ऐकू येतंय. तिच्या सगळ्यात आवडत्या सिनेमाची सगळी वाक्यं ताईने दिवाळीच्या सुट्टीत बसून टाइप केली, अकराशे बेचाळीस ओळी, वेळेसकट. एसआरटी यूटीएफ-८ मध्येच (मराठी अक्षरं सांभाळणारी पद्धत) सेव्ह करायची, नाहीतर सगळी प्रश्नचिन्हं. ते केलं तरी काडीवर जोडाक्षरं फुटली, 'क्ष' चे तुकडे, वेलांट्या भलत्या अक्षरावर, आजी म्हणाली हे काय लिहिलंय. हँडब्रेकमध्ये तीच एसआरटी इम्पोर्ट करून 'बर्न इन' केली, म्हणजे अक्षरं चित्रातच छापली गेली, आणि जोडाक्षरं अगदी नीट आली. बर्न केलेली परत काढता येत नाहीत, म्हणून ती कॉपी वेगळी, आजीच्या नावाच्या फोल्डरमध्ये. त्या रात्री तिने सिनेमा पूर्ण बघितला आणि मध्यंतरात ताईला फोन करून सांगितलं की मला आज कळलं तो तिला दारात काय म्हणतो ते. किती वर्षं बघतेय ती तो सिनेमा.

लाईटचं एक लक्षात ठेवा. रात्री क्यू (सिनेमांची रांग) लावून, संपल्यावर शटडाउन निवडून झोपायचं ही उत्तम सोय आहे, पण माझ्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली, पहाटे लाईट गेली की अर्धा झालेला सिनेमा गेला. एमपी४ची ती अनुक्रमणिका एन्कोड पूर्ण झाल्यावर लिहिली जाते, त्यामुळे अर्धवट फाइल उघडतच नाही. क्यूतले पुढचे सिनेमे हँडब्रेक परत उघडल्यावर आठवणीने विचारतं, जो चालू होता तो मात्र पहिल्यापासून. पावसाळ्यात मी रात्रीला दोनच लावते. ग्राफिक कार्डावरून किंवा इंटेलच्या क्विक सिंकवरून केलं तर कितीतरी पटीने लवकर होतं, पण तेवढ्याच चित्राला फाइल मोठी होते, आजीच्या वायफायला ते परवडत नाही, तुमच्याकडे जागा असेल तर खुशाल करा.

आजचा हिशोब असा, ३८ पैकी २१ चा फक्त आवाज बदलला, १५ आजीसाठी हँडब्रेकमधून, आणि २ ला काहीच करावं लागलं नाही, मुळातच एसी३ होत्या. आता डीव्हीडी. त्यात आपल्याकडच्या बऱ्याचशा ७२० बाय ५७६ इंटरलेस्ड (एकाआड एक ओळींनी साठवलेल्या), कॅमेरा हलला की कंगव्यासारख्या रेषा दिसतात, तिथे त्या रेषा काढणारं डीकॉम्ब चालू ठेवायचं आणि आरएफ १८, आणि मोठं करायला जायचं नाही, टीव्ही स्वतः मोठं करतो. पहिल्या दहा बाबांनी वहीत खुणा करून काढून ठेवल्यात, पुसून, टीपॉयवर.